मिरजेला गेलेली चिठ्ठी परत येत नाही

आमच्या सांगलीत कुणी जरा जास्त आजारी पडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मिरजेला दाखवलं का? हे आजचं नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखाना हे समीकरण इथल्या लोकांच्या डोक्यात बसलंय, त्यांच्या नावाची वानलेसवाडीच सांगली-मिरज रस्त्यावर आहे. पुढं 1962 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, मग त्याच्या आजूबाजूला एकेक करत हाडांचे, मेंदूचे, किडनीचे, लहान मुलांचे दवाखाने उभे राहिले. आज मिरज स्टेशनवर उतरलं तर अथणी, जमखंडी, विजापूरकडनं आलेली कन्नड बोलणारी कुटुंबं हातात एक्स-रेची मोठी पाकिटं घेऊन रिक्षा शोधताना दिसतात, कोकणातली माणसं दिसतात, जतची दिसतात. एवढ्याशा अंतरात इतके स्पेशालिस्ट क्वचितच कुठं सापडतील आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

त्यामुळं डॉक्टर मिळत नाही ही आमची तक्रार नाहीच, निदान शहरात तरी नाही. आमच्याकडं हृदयाला डॉक्टर आहे, गुडघ्याला आहे, शुगरला आहे, डोळ्याच्या नुसत्या पडद्याला वेगळा आहे. पण या सगळ्यांनी मिळून जे माणूस तपासलं ते पूर्ण माणूस कुणाच्या लक्षात आहे, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. आणि त्याचं उत्तर मला ज्या जागी मिळालं ती जागा म्हणजे सांगलीच्या गावभागातला एक जुना दवाखाना, जिथं अजून लाकडी बाकडं आहे आणि कंपाउंडर मामा नंबर तोंडीच पुकारतात.

आईचं सांगते. आईला बीपी जुनं, शुगर त्याच्या नंतरची, आणि गुडघे तर बायकांचे जातातच. एकदा छातीत धडधड झाली म्हणून मिरजेला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तपासलं, गोळ्या लिहिल्या. शुगरचे डॉक्टर विश्रामबागेत, त्यांनी शुगरबरोबर बीपी पण वाढलेलं बघून त्यांच्या परीनं गोळी दिली. गुडघ्याचे डॉक्टर तिसरीकडं, त्यांनी दुखणं थांबायची गोळी दिली आणि व्यायाम सांगितला, त्यातला व्यायाम राहिला आणि गोळी चालू राहिली. प्रत्येक ठिकाणी मी स्वतः बरोबर होते. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर चांगले, विचारपूस करणारे. आणि घरात एक कापडी पिशवी तयार झाली, साडीच्या दुकानाची, त्यात तिन्हीकडच्या फायली, रिपोर्ट, ईसीजीच्या पुसट होत चाललेल्या पट्ट्या, अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा.

मग आईला चक्कर यायला लागली. सकाळी उठली की भिंत धरायची. पायावर सूज, जेवणावर वासना नाही. कुणीतरी म्हणालं मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, एमआरआय करून घ्या एकदा, मनाची शांती. आम्ही नंबर लावायच्याच तयारीत होतो, पण आईच म्हणाली की आधी आपल्या डॉक्टरांकडं जाऊ. आपले डॉक्टर म्हणजे ज्यांनी माझ्या लग्नाच्या आधीचा माझा टायफॉइड बघितला, बाबांच्या शेवटच्या दिवसांत जे रात्री स्कूटर काढून घरी आले, ते.

त्यांनी आईला तपासलं, बसवून बीपी घेतलं, मग उभं करून परत घेतलं. मग मला म्हणाले, "अगं, ती पिशवी रिकामी कर बघू टेबलावर." सगळ्या स्ट्रिपा त्यांनी ओळीनं मांडल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्ट्रिपच्या मागची ती मुंगीएवढी अक्षरं वाचत एका कागदावर कंपनीचं नाव सोडून फक्त आतल्या औषधाचं नाव लिहीत गेले. बाहेर पेशंट थांबलेले. मामा दोनदा आत डोकावून गेले. ते आपले लिहीत होते. आणि मग त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. टेल्मिसार्टन हे बीपीच्या औषधाचं नाव त्यात दोनदा होतं. एका कंपनीच्या गोळीत अम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाबरोबर, दुसऱ्या कंपनीच्या गोळीत लघवी वाढवणाऱ्या औषधाबरोबर. गोळ्यांचे रंग वेगळे, नावं वेगळी, डॉक्टर वेगळे, त्यामुळं आई दोन्ही वेळच्या वेळी इमानदारीनं घेत होती. आणि त्यावर रोज गुडघ्याची गोळी.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते मी जसं कळलं तसं सांगते. किडनीत रक्त गाळलं जातं ते दाबावर. दुखण्याच्या गोळ्यांनी किडनीकडं रक्त आणणारी बारीक नळी आवळते. टेल्मिसार्टनसारख्या औषधानं बाहेर जाणारी नळी सैल होते. आणि लघवी वाढवणाऱ्या औषधानं अंगातलं पाणीच कमी होतं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या तर गाळायला दाबच उरत नाही, त्यात म्हातारं माणूस, उन्हाळा, पाणी कमी पिणं. डॉक्टरी शिक्षणात हे तिघांचं एकत्र येणं धोक्याचं म्हणून शिकवलेलंच असतं. म्हणजे ज्ञान सगळ्यांकडं होतं. तिन्ही गोळ्या एका नजरेसमोर फक्त या एका टेबलावर आल्या.

त्यांनी गुडघ्याची गोळी तिथंच बंद केली, किडनीचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगितलं, ते वाढलेलंच आलं. मग माझ्यासमोर मिरजेच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, सर मी अमुक बोलतोय, तुमच्या एका पेशंटबद्दल, असं म्हणून सगळं सांगितलं, कुठली गोळी ठेवायची कुठली काढायची हे दोघांनी मिळून ठरवलं. पुढच्या तपासणीत आकडा उतरला, चक्कर गेली, आणि एमआरआयची गरजच पडली नाही. (हे वाचून कुणी आपापली गोळी मनानं बंद करू नका, बीपीची गोळी एकदम तोडणं हा वेगळाच धोका आहे. पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडं जा, एवढंच म्हणणं.)

या सगळ्याची फी त्यांनी नेहमीचीच घेतली. सर्दीला जेवढी घेतात तेवढीच.

मला त्या दिवसापासून वाटतं की आपण फॅमिली डॉक्टर या माणसाला फार चुकीच्या खात्यात टाकलंय. आपल्या डोक्यात तो म्हणजे छोट्या आजाराचा डॉक्टर, सर्दी-तापाचा, इंजेक्शन देणारा, आणि मोठं काही झालं की त्याचं काम संपलं, पुढं मिरज. उलट मोठं काही झालं की त्याचं खरं काम सुरू होतं, कारण तेव्हा चार डॉक्टर एकदम आयुष्यात येतात आणि त्या चौघांचं एकमेकांशी बोलणं होत नाही.

बार्बरा स्टारफिल्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टर-संशोधक होत्या, त्यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. प्राथमिक आरोग्यसेवा चांगली कशाला म्हणायची तर त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: काहीही झालं तरी पहिल्यांदा जिथं जाता येतं असं ठिकाण, वर्षानुवर्षं तोच डॉक्टर, सगळ्या प्रकारच्या आजारांकडं बघायची तयारी, आणि इतरांनी केलेल्या उपचारांची सांगड घालणं. आमच्या गावभागातल्या डॉक्टरांनी त्यांचं नाव ऐकलंय की नाही कोण जाणे, पण चारही गोष्टी ते करत आलेत.

इंग्लंडमध्ये 1948 ला त्यांची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक माणसाचं नाव एका जीपीकडं, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडं नोंदलेलं असतं. तातडीचं सोडलं तर मोठ्या डॉक्टरकडं सहसा त्याच्याच चिठ्ठीनं जायचं, आणि तिकडून झाल्यावर मोठ्या डॉक्टरनं जीपीला पत्र लिहायचं, काय सापडलं, काय बदललं, पुढं काय बघायचं. तिथंही लोक कुरकुर करतात, अपॉइंटमेंट मिळत नाही, थांबावं लागतं, ते खरंच आहे. पण पत्र दोन्हीकडनं चालतं. नॉर्वेनं 2001 मध्ये असंच केलं, ज्याला हवा त्याला ठरावीक डॉक्टर नावानिशी मिळायला लागला. नंतर तिथल्या संशोधकांनी जवळजवळ 45 लाख लोकांच्या नोंदी तपासल्या आणि 2022 मध्ये छापून आलं की ज्यांचा डॉक्टर 15 वर्षांहून जास्त काळ तोच होता त्यांना, पहिल्याच वर्षाची ओळख असलेल्यांच्या तुलनेत, अवेळी तातडीची सेवा लागण्याचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांनी कमी, दवाखान्यात अचानक भरती व्हायचं 28 टक्क्यांनी कमी, आणि मृत्यूचं 25 टक्क्यांनी कमी होतं. आता नुसत्या नोंदींच्या अभ्यासातनं हे सगळं ओळखीच्या डॉक्टरमुळंच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण वर्षं वाढली तसा फायदाही वाढत गेला होता, आणि मला ते वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आईची पिशवी मी बघितलेली होती.

ओळखीचा उपयोग कसा होतो ते आमच्याकडचं उदाहरण देऊन सांगते. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ हा सगळा द्राक्षाचा पट्टा. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरू, पाऊस-धुकं आलं तर दावण्या रोगाच्या भीतीनं दिवसाआड सुद्धा फवारणीचा ब्लोअर फिरतो. अशा दिवसांत डोकं दुखतंय, मळमळतंय, डोळ्यापुढं अंधारी येते म्हणत कुणी आलं तर गावातला डॉक्टर सगळ्यात आधी विचारतो, कालच्याला फवारणी केली का, मास्क लावला होता का, कापडं बदलली का? शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तोच माणूस गेला तर आधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हायची शक्यता जास्त. त्यात शहरातल्या डॉक्टरची हुशारी कमी पडत नाही, त्याला बागेचं वेळापत्रक माहीत नसतं इतकंच. तसंच कुठल्या घरात दारू आहे, कुठली सून स्वतःचं दुखणं सांगत नाही, कुठल्या आजोबांना डायलिसिसचा शब्द काढला की ते जेवण सोडतील, हे सगळं ज्याला माहीत असतं त्याच्या हातनं तपासण्या कमी होतात आणि निर्णय बरे होतात.

2019 चा महापूर आठवून बघा. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी शाळांमध्ये, कार्यालयांमध्ये येऊन राहिली. फायली भिजल्या, गोळ्या वाहून गेल्या. शिबिरात बसलेली म्हातारी माणसं सांगणार काय, तर एक पांढरी गोळी सकाळची आणि एक गुलाबी रात्रीची. तिथं मदतीला आलेल्या बाहेरच्या डॉक्टरांनी जीव तोडून काम केलं, पण त्यांना त्या पांढऱ्या गोळीचा पत्ता लागणार कसा? आमचे डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यात पाणी असताना शिबिरात येऊन बसले आणि चेहरा बघून सांगत होते, हिला इन्सुलिन सकाळी इतकं, ह्याला फिटची गोळी आहे ती आजच्या आज पाहिजे, खंड पडता कामा नये. त्यांच्या डोक्यात होतं म्हणून निभावलं. कोविडमध्येही पहिला फोन त्यांनाच गेला, ऑक्सिमीटरवर आकडा किती, चालून आल्यावर किती, घरी थांबायचं की बेड शोधायचा, हे सगळं फोनवर, रात्री-बेरात्री.

आता एवढं सगळं ज्या माणसावर उभं आहे त्याला आपल्या व्यवस्थेत जागा कुठं आहे? म्हणायला गेलं तर देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालापासून सगळा भर खालच्या पातळीवरच्या आरोग्यसेवेवर आहे, प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या अल्माआटाच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यावर आपलीही संमती आहे. पण पैसा बघा कसा वाहतो. 2012 मध्ये राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना आली, 2017 ला तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं, 2018 ला केंद्राची आयुष्मान भारत आली, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण. या योजनांनी आमच्याकडच्या कितीतरी घरांची जमीन विकायची वाचवली आणि त्याबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण त्या मुख्यतः भरती झाल्यावर लागू होतात. मेडिक्लेमचंही बहुतेक तसंच. भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून कुणी अर्धा तास बसून स्ट्रिपा वाचल्या तर त्या अर्ध्या तासाला कुठल्याच योजनेत रुपया नाही. आईची किडनी आणखी बिघडली असती तर खर्च द्यायला योजना पुढं आली असती, ती वाचवली त्याचे पैसे मात्र कुणीच देत नाही, आणि हे मला नीट पटत नाही.

मग तरुण मुलं या वाटेनं का येतील? एमबीबीएस झालेला प्रत्येक जण स्पेशालिस्ट व्हायच्या नीट-पीजी परीक्षेच्या मागं, आणि ते साहजिकच आहे, घरचे विचारतात, सोयरीक बघणारे सुद्धा विचारतात, पुढं काय केलं? फॅमिली मेडिसिन म्हणून डीएनबीचा, एमडीचा वेगळा अभ्यासक्रम आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि एमडीच्या जागा तर अगदी तुरळक. खेड्यांमध्ये हे काम बीएएमएस, बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी शिकलेली मंडळी ओढून नेतायत, त्यांच्याबद्दल वाद घालायला सगळे पुढं असतात, पण त्यांना सोबत घेऊन, शिकवून, जोडून घ्यायला फार थोडे. विश्रामबागेत एक तरुण डॉक्टरबाई हल्ली फॅमिली प्रॅक्टिस करतात, मुद्दाम हेच शिकून आल्यात. मी त्यांना सांगितलं की तुम्ही सांगलीवर उपकार केलेत, त्या हसल्या, म्हणाल्या, ताई, निम्मे पेशंट विचारतात तुम्ही कशाच्या डॉक्टर.

चिठ्ठीची दुसरी बाजू पण बोलली पाहिजे. सगळ्याच चिठ्ठ्या पेशंटच्या भल्यासाठी लिहिलेल्या नसतात. कुणाकडं पाठवलं की कट, म्हणजे कमिशन मिळतं, त्यावर चिठ्ठी कुठं जाणार ते ठरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. 2017 मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. ज्या डॉक्टरनं सांगड घालायची त्याचाच विश्वास असा विकला गेला तर मग पेशंटनं बघायचं कुणाकडं? म्हणूनच मला वाटतं की या कामाचे पैसे उघडपणे, पावती करून मिळाले पाहिजेत. माणसाला वर्षाचे ठरावीक पैसे, योजनेतनं असोत की स्वतःचे, देऊन एका डॉक्टरकडं नाव नोंदवता आलं तर कटाची गरज तरी कमी होईल. लोक देतील का? केबलचे देतात, मोबाईलचे देतात. मी देईन.

डिजिटलचं सगळे सांगतात. 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झालं, आभाचा, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदींच्या खात्याचा, 14 अंकी नंबर निघतो, आईचा काढलाय मी. उद्या सगळे रिपोर्ट त्यात दिसायला लागले तर ती साडीच्या दुकानाची पिशवी फोनमध्ये जाईल, चांगलंच आहे, पुरात भिजणार तरी नाही. पण पिशवीतले कागद तेव्हाही होतेच की आमच्याकडं, एकूण एक जपून ठेवलेले. ते एकत्र वाचायला कुणीतरी बसावं लागलं. तो बसणारा माणूस ठरवल्याशिवाय नुसता नंबर काय करणार?

आणि आता शीर्षकातली गोष्ट. आमचे डॉक्टर कुणालाही मिरजेला पाठवताना चिठ्ठी लिहितात, लेटरहेडवर, जुना आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, काय शंका वाटते, सगळं. मी त्यांना विचारलं, तिकडनं उत्तर येतं का? ते म्हणाले, "काही जण फोन करतात, जुने लोक. लिहून फार थोडे देतात. पेशंट डिस्चार्ज कार्ड दाखवायला आणतो तेव्हा कळतं काय झालं ते, आणि नाही आणलं तर कळतच नाही." एका मोठ्या दवाखान्यात आईच्या डिस्चार्जच्या वेळी मी म्हटलं की आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या नावानं दोन ओळी लिहून द्या, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, असं काही आमच्याकडं नसतं, फाईल दिलीय की तुम्हाला. वरच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी मात्र लगेच लिहून दिलं, अगदी नीट, कुठली गोळी का बदलली ते सुद्धा. मागितलं म्हणून मिळालं. जमखंडीहून आलेली, मराठीही न येणारी बाई हे कसं मागणार?

भरती करताना जो फॉर्म भरून घेतात तो मी त्या दिवशी नीट वाचला. नाव, वय, पत्ता, आधार, नातेवाइकाचं नाव, नातं, दोन मोबाईल नंबर, मेडिक्लेमची कंपनी, पॉलिसी नंबर, व्यवसाय, धर्म. फॅमिली डॉक्टरचं नाव आणि फोन विचारणारा रकाना त्यात नव्हता. तो एक रकाना घाला, आणि डिस्चार्ज कार्डची एक प्रत त्या नंबरवर पाठवा, व्हॉट्सॲपवर चालेल. सांगली-मिरजेत दवाखाने चालवणाऱ्या, तिथं काम करणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, यासाठी सरकारी आदेशाची वाट बघू नका, पुढचे फॉर्म छापायला टाकाल तेव्हा एवढं बघा.